तिसरी मुदतवाढ

२ मार्च

लिफ्टच्या आश्वासनावर म्हातारे होत चाललेल्या माझ्या शेजाऱ्यांनो! एकोणीस वर्षांपूर्वी घरमालकाने आपल्या इमारतीच्या पोटात एक चौकोनी खड्डा सोडला, त्याला लिफ्टची जागा म्हटलं आणि त्याच नावाखाली भाडं वाढवलं. आज त्या खड्ड्यात फाटक्या गाद्या आहेत, एक मोडका पंखा आहे, आणि आपल्या सगळ्यांचे गुडघे आहेत. अडुसष्ट पायऱ्या! सकाळी खाली, संध्याकाळी वर. कुठवर सोसणार?

इतकं लिहिलं आणि बायको मागून म्हणाली, "डायरी आहे ती. तिथे टाळ्या पडत नाहीत."

वही तिनेच दिली. म्हणाली, माझ्याशी बोलायच्या आधी इथे बोलत जा, मशीन चालवताना मला तुमचं सगळंच ऐकू येत नाही. ती घरी पडदे शिवते. मी छापखान्यात फोरमन. बत्तीस वर्षांत जे जे छापलं ते वाचलं, आणि जे वाचलं ते संघटनेच्या सभांत बोललो. कामगार मला पाठीमागे भोंगा म्हणतात. समोर म्हटलं तरी माझी हरकत नाही.

तर काल घराचा करार झाला. हिची सही दलालाने घरी येऊन घेतली. तळमजला! दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक मोठी खोली. दारापुढे एकच पायरी. विकणारा म्हातारा सुतार आहे, एकटा, मुलीच्या शहरात राहायला जाणार आहे. सव्वीस फेब्रुवारीला आम्ही दोघं घर पाहायला गेलो होतो. ही त्या एका पायरीवर बसली, पाणी मागितलं आणि मग टेप काढून खिडक्यांची मापं घ्यायला लागली. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून मापं एका फळकुटावर लिहून दिली. ते सगळं पेन्सिलीनेच लिहितात. म्हणाले, "लाकूड माफ करत नाही. पेन्सिल करते."

करारात एकच अट आहे. मागच्या खोलीला बांधकामाची परवानगी नाही. तिचा दाखला आल्याशिवाय बँक कर्ज देणार नाही. दाखला मिस्त्रींनी पंधरा मार्चच्या संध्याकाळी पाचपर्यंत आणायचा. नाही आला, तर दोघांच्या सह्यांनी मुदत वाढवता येते. वाढवली नाही, तर करार आपोआप रद्द.

"आपोआप म्हणजे?" मी दलालाला विचारलं.

"म्हणजे कुणी काही करायला लागत नाही साहेब. पाच वाजले की संपलं. आणि वाढवायची तर लेखी. तोंडी चालत नाही. तुम्हाला मुद्दाम सांगतोय."

मुद्दाम मला का, ते कळलं नाही.

९ मार्च

परवाना कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंना आधी नागरिकांचे हक्क म्हणजे काय ते समजावलं. मागच्या रांगेतले दोघं माना डोलावत होते. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि म्हणाल्या, "नकाशा नाही."

"कसला नकाशा?"

"खोलीचा. अर्ज आहे, नकाशा नाही. शाईत काढलेला, मापांसकट. तो आला की दोन आठवड्यांत दाखला."

"म्हणजे तुम्ही अडवलेलं नाही?"

"आम्ही कशाला अडवू? आमच्याकडे काही आलंच नाही."

कार्यालयं अशीच बोलतात. मिस्त्रींकडे गेलो तर ते म्हणाले, "काढतोय की नकाशा. घाईत काढलेलं वाकडं येतं."

घरी येऊन हिला म्हटलं, चल, मिस्त्रींना दोन शब्द तूही सांग, बाईमाणसाचं ऐकतात. म्हणाली, "आज नको. दुकानाचे बारा पडदे आहेत."

१४ मार्च

पहिली मुदतवाढ. एकतीस मार्च.

मला वाटलं होतं झगडावं लागेल. दलालाच्या टेबलावर मी माणसामाणसातल्या विश्वासावर बोललो. शब्द हा कराराहून जुना आहे, असं म्हणालो. मला स्वतःलाच ते आवडलं. मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "घ्या की. महिना घ्या हवा तर. मला कसली घाई?"

"महिना नको," दलाल म्हणाला, "पंधरा दिवस पुरे." आणि स्वतःचं पेन त्यांच्या हातात दिलं.

बाहेर पडताना मिस्त्री फोनवर मुलीशी बोलत होते. "हो गं. चालू आहे व्यवहार. कागदपत्रं म्हटलं की वेळ लागतोच. मी काय करू?"

हिची सही राहिली होती. खरेदीत आम्ही दोघं आहोत. दलालाला म्हटलं, तिला घेऊन येतो. घरी आलो तर म्हणाली, कागद वरच आणा ना, इस्त्री तापलीय. मग कागद वर आणला, सही घेऊन पुन्हा खाली नेऊन दिला. बायकांना व्यवहाराचं गांभीर्य कमी, असं लिहिणार होतो. ही वही ती वाचते की काय अशी शंका आहे, म्हणून लिहीत नाही.

१७ मार्च

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोस्टमास्तरांचं मोडकं कपाट उभं आहे. निवृत्त झाल्यापासून ते कपाट आणि ते स्वतः, दोघंही तिथेच. येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरावं लागतं. सार्वजनिक जागा कुणाच्या बापाची नसते, या विषयावर आज तिसऱ्यांदा बोललो.

"बापाचं नाही, आईचं आहे," ते म्हणाले. "आईचं कपाट आहे."

अंग चोरून वर आलो.

हिला सांगितलं तर म्हणाली, "राहू दे. मी टेकते त्याला." कपाटाला कोण टेकतं?

२२ मार्च

मिस्त्रींकडे बसलो होतो तासभर. मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. भिंतीवर करवती लहानमोठ्या क्रमाने, पटाश्या फडक्यात गुंडाळलेल्या, रंध्याखालचा भुसा दर संध्याकाळी झाडलेला. मध्यभागी टेबलावर नकाशा. काय सुंदर काढलाय! खिडकीच्या चौकटीतला सांधासुद्धा दाखवलाय. पण पेन्सिलीत.

"आता यावर शाई फिरवा की झालं," मी म्हटलं.

त्यांनी पूर्वेकडची भिंत खोडरबराने पुसली. "ही अर्ध्या बोटाने चुकली होती."

"अर्ध्या बोटाने काय होतं मिस्त्री?"

"दार लागत नाही."

मग चहा केला. मुलीच्या घराबद्दल सांगत होते. सातवा मजला, गुळगुळीत फरशी, लिफ्ट. मी उठूनच उभा राहिलो. "लिफ्ट! नशीबवान आहात!"

"आहे खरं. पण तिथे आवाज चालत नाही. मागच्या वेळी नातवाला बैलगाडी करून देत होतो, तर खालच्या मजल्यावरचे चार लोक वर आले." हसले. "लिफ्टने आले."

निघताना विचारलं, "वहिनी नाही आल्या?"

"कामात असते."

"हां. बोलणं झालं परवा. पडद्यांच्या मापांचं विचारत होत्या."

कलाकार माणूस आहे. फक्त जरा हळू. अशा माणसाला धक्का द्यायचा नसतो, चेतवायचं असतं.

३० मार्च

दुसरी मुदतवाढ. पंधरा एप्रिल. पुन्हा एका वाक्यात तयार. खरं सांगायचं तर माझं वाक्य पूर्णही झालं नव्हतं.

हिला म्हटलं, बघ, माणसाला पटवता आलं पाहिजे. ही दोरा ओवत होती. म्हणाली, "तो माणूस घर विकणार नाही."

"अगं, दोनदा सही दिली!"

"सही दिली ती थांबायला. विकायला नाही. खिडक्यांची मापं सांगताना त्यांचा आवाज ऐकलात का? आपण मूल दुसऱ्याच्या हातात देताना कसं, डोकं सांभाळा, म्हणतो ना? तसा."

"मग तू सही का करतेस?"

तिने हातातली शिवण पुरी केली. मग म्हणाली, "मला ते घर हवंय म्हणून."

हिच्या बोलण्यात तर्क कमी. पण मी ठरवलं आहे, आता नकाशा मीच काढून घेणार. आमच्या छापखान्यातला आरेखक चार दिवसांत शाईत काढून देईल. मापं आहेतच पेन्सिलीच्या नकाशावर, ती उतरवून आणीन.

५ एप्रिल

आज हिच्या भाचीचं नवं दुकान उघडलं. मी एकटाच गेलो. दोन शब्द बोला म्हणाले, चाळीस मिनिटं बोललो. ही आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तिच्याच भाचीचं दुकान!

९ एप्रिल

नकाशा झाला! काळाभोर, ठसठशीत, शिक्क्यासाठी जागा सोडलेला. थेट परवाना कार्यालयात. खिडकीतल्या बाईंनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "आता कसं. बावीस तारखेपर्यंत दाखला घेऊन जा." मी त्यांचे आभार मानले. पाच मिनिटांतच आटोपलं. मागे रांग होती.

बावीस म्हणजे पंधराच्या पुढे. तेव्हा शेवटची मुदतवाढ, फक्त पंधरा दिवसांची. या वेळी रडगाणं नाही, विजय मागायचा आहे.

मिस्त्रींना फोनवर सांगितलं, नकाशा दाखल झाला, दाखला नक्की. पलीकडून रंध्याचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं फोन कटला.

"आहे," ते म्हणाले. "ऐकलं मी."

१३ एप्रिल

दलाल बाहेरगावी आहे, पंधराला दुपारी येणार. म्हणून मुदतवाढीचा कागद त्याच्या माणसाकडून घेतला, हिची सही घरीच घेतली आणि मिस्त्रींकडे निघालो.

दारात ही म्हणाली, "सही झाली की कागद वाचा. तुम्ही माणसाकडे बघत राहता. कागदाकडे बघा."

बत्तीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला हा उपदेश!

आज मी बोललो, तसा संपाच्या वेळीही बोललो नव्हतो. घर म्हणजे काय, त्यावर बोललो. घर भिंतींचं नसतं, जो त्यात सुखाने श्वास घेतो त्याचं असतं, असं म्हणालो. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेली हत्यारं, माणसाच्या माघारी उभं राहणारं त्याचं काम, जमिनीवर पाय टेकण्याचा माणसाचा हक्क, सगळं आलं. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, सही केली, आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

"वक्तेसाहेब," म्हणाले, "तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे."

कागद घडी करून खिशात ठेवला. उतरत्या उन्हात चालत आलो. जिंकलो असं वाटतंय. ही विचारत होती, वाचलात का? म्हटलं, माणूस वाचला.

१५ एप्रिल

दुपारी साडेतीनला दलालाच्या कचेरीत गेलो. त्याने कागद उघडला, खिडकीकडे धरला, आणि चष्मा काढला.

"साहेब, हे काय?"

"सही."

"पेन्सिलीची आहे."

मी कागद घेतला. जाड, चपट्या सुताराच्या पेन्सिलीची सही. राखाडी, चमकणारी. माझं आयुष्य शाईत गेलं. काळ्याचे अकरा प्रकार मी अंधारात बोटाने ओळखतो. आणि मला दिसलं नाही.

"चालणार नाही?"

"बँक हात लावणार नाही. उद्या कुणी पुसली तर मी कुठे जाऊ? पाचच्या आत पेनने करून आणा. पळा."

पळालो. पोचलो तेव्हा चार वीस झाले होते. मिस्त्री मागच्या खोलीत होते. मी कागद टेबलावर ठेवला, त्यावर माझं पेन ठेवलं. त्यांनी सही पाहिली. आश्चर्य वाटलं नाही त्यांना, आणि लपवलंही नाही.

"हात आपोआप पेन्सिलीकडे गेला," म्हणाले. "खरंच गेला. नंतर दिसलं. म्हटलं, राहू दे."

"मिस्त्री, पाच वाजता—"

"माहीत आहे." त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं. "एक विचारू? वहिनी शेवटच्या कधी खाली उतरल्या?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो कोण जाणे. बाजारात? भाचीकडे? मला तारीख आठवेना. माझी स्वतःची बायको, आणि मला तारीख आठवेना.

"बोला ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. "तुम्ही बोललात की मी सही करतो. परवा करणारच होतो, तसा आत्ताही करीन. मला नाही म्हणता येत नाही, तसं मुलीलाही म्हणता आलं नाही. पेनने केली की झालं मग. बोला."

माझ्याकडे दोन भाषणं होती. एक बायकोचं, एक मिस्त्रींचं. दोन्ही खरी होती. भिंतीवरच्या करवती होत्या, लहानमोठ्या क्रमाने. सातव्या मजल्यावर त्या कुठल्या भिंतीला टांगणार? आणि चौथ्या मजल्यावर ती, अडुसष्ट पायऱ्यांच्या वर, इस्त्री तापलीय म्हणणारी. एक शब्द काढला असता तर एकाचं घर गेलं असतं. नाही काढला तर दुसऱ्याचं. आयुष्यभर मला नेहमी माहीत असायचं की समोरच्या गर्दीत चोर कोण आहे. इथे कुणीच नव्हतं. घरमालक नाही, छापखान्याचा मालक नाही, खिडकीतल्या बाईही नाहीत. दोन हात, एक पेन.

साडेचार. पावणेपाच. मिस्त्री पेन धरून बसले होते, टोपण काढलेलं. निब वाळत होती. मी बोललो नाही. ठरवून गप्प राहिलो असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. आवाजच येईना.

पाच वाजले. कुणी काही करायला लागलं नाही.

मिस्त्रींनी टोपण लावलं, पेन परत दिलं. मग कोपऱ्यातलं गोणपाट काढलं. खाली तीन फळ्या होत्या, हातभर लांब, कडा गोल केलेल्या, पितळी बिजागऱ्या लावलेल्या. भिंतीला लावायच्या, हव्या तेव्हा पाडायच्या, बसायचं, उठल्यावर उभ्या करायच्या.

"पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. मी येऊन लावून देतो. मधली फळी मात्र ते कपाट हलवलं तरच बसेल."

कपाटाचं यांना कुणी सांगितलं? आमच्या जिन्याची मापं कुणी दिली? मिस्त्री एकदाही आमच्या इमारतीत आलेले नाहीत. न विचारताच निघालो.

वर आलो. ही मशीनवर होती. म्हणाली, "नाही झाली ना सही?"

"तुला कसं कळलं?"

"पायऱ्या चढताना बोलत नव्हतात तुम्ही."

तिने चिडायला हवं होतं. चिडली नाही. कपाटातून एक तयार पडदा काढला, हलका पिवळा. मला माहीतच नव्हतं असा पडदा शिवून ठेवला होता ते. खिडकीशी बसून त्याची शिवण उसवायला लागली. एकेक टाका. कापड वाया जायला नको म्हणाली.

मी शेजारी बसलो. दोरे गोळा केले. दुसरं काही करता येत नव्हतं.

१६ एप्रिल

सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. मीच लिहिलेली. बारा पडदे. इस्त्री. डोकं दुखतंय. मी एकेक सबब तारखेसकट नोंदवून ठेवली आहे, प्रत्येकीखाली माझा शेरा आहे. सव्वीस फेब्रुवारीनंतर ती खाली उतरलेलीच नाही. एकोणपन्नास दिवस. घरात आम्ही दोघंच आहोत आणि मला ते एका सुताराने विचारावं लागलं.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही सभा घेतली असती."

करारावेळी दिलेला विसार परत येईल, दलाल म्हणाला. दुसरं घर बघू, असंही म्हणाला. तळमजले आमच्या आवाक्यात आहेत कुठे? हेही एक मिळालं ते मागच्या खोलीला परवानगी नव्हती म्हणून.

मिस्त्रींचा फोन आला होता. मुलीला सांगितलं म्हणाले, व्यवहार मोडला. ती रडली. आता दुसरं गिऱ्हाईक शोधणार आहे. "तोवर आहे मी," म्हणाले. रविवारी फळ्या घेऊन येतील.

खालच्या सूचनाफलकावर लावायला नोटीस लिहायला बसलो. पहिला मसुदा सव्वादोन पानांचा झाला. त्यात खड्डा होता, एकोणीस वर्षं होती, घरमालक होता. हिच्यापुढे ठेवला. तिने वाचला, आणि हातात एक पेन्सिल दिली. मी खोडत गेलो. खोडत खोडत एवढं उरलं. शाईत लिहून आत्ता खाली लावून येतो.

लिफ्टच्या आश्वासनावर म्हातारे होत चाललेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

चौथ्या मजल्यावरची एक बाई एकोणपन्नास दिवस खाली उतरलेली नाही. ती माझी बायको आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर या आणि पोस्टमास्तरांच्या आईचं कपाट उचलायला हात लावा. ते आमच्या घरात ठेवू. जागा आहे.